धावून जाणारे आणि आधी जाणारे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घराच्या पडवीत दोन संध्याकाळी एक खेळ रंगला. खेळणारे पाच जण, सगळे विशी-पंचविशीतले. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, सध्या बेंगळुरूला नोकरीला असलेला. पुढ्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिली, मूठभर फासे आणि एक जाडजूड नियमपुस्तक एवढाच सरंजाम. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होऊन आपण काय करतो ते बोलून दाखवतात, आणि जिथे यशापयशाची शंका येते तिथे फासे निकाल देतात. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून चहा दिला होता आणि मध्ये बोलायचे नाही अशी अट घातली होती. बत्तीस वर्षे वर्गात इतरांना गप्प बसवणाऱ्या माणसाला ही शिक्षा योग्यच म्हणायची.

गोष्ट अशी होती. चौघांच्या अंगी अतिमानवी शक्ती आहेत. एकजण उडतो, दुसऱ्याच्या अंगात हत्तीचे बळ आहे, तिसरी भिंतीआरपार जाते, चौथा दुसऱ्याच्या मनातले वाचतो. एका बड्या कारखानदाराच्या मनात धरण फोडण्याचा बेत शिजत आहे. सूत्रधाराच्या आराखड्याप्रमाणे धरण फुटायचे, चौघे धावून जायचे, लोकांना वाचवायचे आणि शेवटी खलनायकाशी झुंज व्हायची. पण पहिल्या पाच मिनिटांतच मन वाचणाऱ्याने एका समारंभात त्या कारखानदाराच्या मनात डोकावून पाहिले आणि सगळा बेत बाहेर आला. मग ठरले, आज रात्रीच त्याच्या बंगल्यात शिरायचे आणि त्याच्या डोक्यातून हा विचारच पुसून टाकायचा. सूत्रधार माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ह्यांनी माझा खेळच मोडला बघा." तेवढ्यात भिंतीआरपार जाणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "पण त्यानं अजून केलंय काय ओ?"

पडवीत एकदम शांतता पसरली. त्या प्रश्नाने मला गेले वर्षभर सोडलेले नाही. हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

या खेळाला इंग्रजीत 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्याला 'भूमिकाखेळ' म्हणू. तो अमेरिकेत जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. ठरलेल्या आख्यानावर जागच्या जागी संवाद रचणारे आपले दशावतारी नट पाहिलेल्या वाचकाला यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की इथे आख्यानाचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो, आणि प्रेक्षक व नट एकच असतात. अतिमानवांचे भूमिकाखेळ लगोलग आले. १९७९ साली जेफ डी आणि जॅक हर्मन यांचा 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज', १९८१ साली जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांचा 'चॅम्पियन्स', १९८४ साली जेफ ग्रब यांचा 'मार्व्हल सुपर हीरोज'. हे साहित्य आहे की नाही यावर वाद घालण्याची मला हौस नाही. माणसे एकत्र बसून गोष्ट रचतात आणि त्या गोष्टीत त्यांना नैतिक निवड करावी लागते, एवढे समीक्षेला पुरेसे आहे.

अशा पथकांपुढे दोन मार्ग असतात. संकट आले की धावून जायचे, हा एक. संकट येण्याआधीच आपण पुढे व्हायचे, हा दुसरा. पहिल्या मार्गावरच्यांना 'धावून जाणारे' म्हणू, दुसऱ्यांना 'आधी जाणारे'. मराठी भाषेने या दोघांचीही बरोबर टिंगल केलेली आहे. धावून जाणारा उशिरा पोचला तर ते वरातीमागून घोडे. त्याने तयारीच केली नसेल तर तहान लागल्यावर विहीर खोदणे. आणि आधी जाणारा चुकला तर साप साप म्हणून भुई थोपटणे. शिवाय आपल्याकडे 'आगाऊ' असा एक नामी शब्द आहे. आगाऊ रक्कम म्हणजे वेळेआधी दिलेली. आगाऊ मुलगा म्हणजे ज्याने आपली पायरी ओलांडली आहे असा. वेळेच्या आधी जाणे आणि मर्यादेच्या बाहेर जाणे या दोन्हींसाठी भाषेने एकच शब्द ठेवावा, यात पिढ्यांचे शहाणपण साठलेले असावे.

सर्वसाधारण समज असा की अतिमानव वीर हा मुळातच धावून जाणारा. वस्तुस्थिती तशी नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्या पहिल्याच कथेत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टाळण्यासाठी मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचे दार तोडतो, आणि अखेरीस थेट वॉशिंग्टनला जाऊन देशाला युद्धात ओढू पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात तर तो गुन्हेगार पोरांना पकडून थांबत नाही. पोरे बिघडतात ती गलिच्छ वस्तीमुळे, असे मानून ती सबंध वस्तीच जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरे बांधावीच लागतील. फेब्रुवारी १९४० मध्ये 'लुक' या अमेरिकन नियतकालिकाने दोन पानांची एक चित्रकथा छापली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांनाही मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे हजर करतो. दोन पानांत महायुद्ध समाप्त! याहून आगाऊ वीर कोणता दाखवायचा?

पुढे अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरली आणि लेखकांची पंचाईत झाली. खऱ्या रणांगणावर खरी पोरे मरत असताना कागदावरच्या वीराने युद्ध दोन पानांत संपवणे बरे दिसत नव्हते. तेव्हा १९४२ च्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत तोडगा निघाला. सैन्यभरतीच्या वेळी डोळे तपासताना क्लार्क केंटची आरपार दृष्टी चुकून शेजारच्या खोलीतला तक्ता वाचते आणि तो नापास होतो. या विनोदाआड एक मोठी माघार दडलेली आहे. यानंतरचा सुपरमॅन जगाची घडी बदलायला जात नाही. जग आहे तसे राखायला धावून जातो.

या माघारीची सर्वांत तीक्ष्ण चिकित्सा इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी १९६२ सालच्या आपल्या निबंधात केली. जो माणूस डोंगर हलवू शकतो, ज्याला अमाप संपत्ती निर्माण करता येईल, तो बँकेवरचे दरोडे थांबवण्यात आणि धर्मादाय निधी गोळा करण्यात आयुष्य का घालवतो, असा त्यांचा प्रश्न. त्यांचे उत्तर थोडक्यात असे की या वीराला नागरिकाचे भान आहे, राजकीय भान नाही. त्याच्या लेखी दुष्टपणा म्हणजे खाजगी मालमत्तेवरचा घाला. आणि मालिकेचीही अडचण आहे. वीराने खरेच जग बदलले तर पुढच्या महिन्याचा अंक कशावर काढायचा? म्हणून प्रत्येक कथेच्या शेवटी सगळे जिथल्या तिथे परत यायला हवे. पथकांचीही हीच कथा. १९६० साली जस्टिस लीग पहिल्यांदा एकत्र दिसली ती स्टारो नावाच्या महाकाय तारामाशाच्या स्वारीमुळे. १९६३ साली 'अ‍ॅव्हेंजर्स' जमले ते लोकीच्या कपटामुळे. त्या दुसऱ्या पथकाचे तर नावच मुळी 'सूड घेणारे'. आधी कोणी काही केल्याशिवाय सूड घ्यायचा तरी कसला?

एकोंचा आक्षेप चित्रकथेला लागू पडतो, पण भूमिकाखेळाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पडवीतल्या पाच जणांना पुढच्या महिन्याचा अंक विकायचा नसतो. त्यांना जग बदलायचे असेल तर बदलावे; कोणी प्रकाशक आडवा येत नाही. मग त्यांची पथकेही बहुधा धावून जाणारीच का निघतात?

याचे उत्तर मला नियमपुस्तकांत सापडले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधले वीर स्वतः होऊन गुहेत उतरतात. खजिना तिथेच आहे, राक्षस झोपलेला आहे, कधी जायचे ते खेळाडू ठरवतात. पुढाकार त्यांचा. अतिमानवांच्या खेळात गुहेच्या जागी शहर येते, आणि शहर तर वीरांचे आपलेच. ते लुटायला ते जाणार नाहीत. मग हालचाल करायला कोण उरतो? खलनायक. म्हणजे पुढाकार सूत्रधाराच्या हाती गेला. 'चॅम्पियन्स'चा एक नियम पाहा. या खेळात शक्ती गुणांच्या मोलाने विकत घ्याव्या लागतात, आणि जास्तीचे गुण हवे असतील तर पात्राने काही उणिवा पत्करायच्या. त्यांतली एक उणीव म्हणजे कोणीतरी तुमच्या मागावर असणे. सूत्रधार तीन फासे टाकतो. ठरलेल्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी दान पडले की तो वैरी त्या दिवशी कथेत हजर. आठ हा आकडा घेतला तर अशी शक्यता सुमारे २६ टक्के, अकरा घेतला तर ६२.५ टक्के, चौदा घेतला तर ९१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बळ वाढवायचे तर संकटाला आपल्या दाराचा पत्ता देऊन ठेवायचा! संकट चालत येणार असेल तर वीराने घर सोडावेच कशाला?

'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये गुणांचे नावच 'कर्म' आहे. गुन्हा रोखला, कोणाला वाचवले, की कर्म जमा. वीराच्या हातून कोणाचा जीव गेला तर साठलेले सगळे कर्म खलास. आपल्या कर्मसिद्धान्ताचे हे अमेरिकन बँकखाते पाहून मला प्रथम हसू आले. नंतर त्यातला शहाणपणा जाणवला, आणि त्याची मर्यादाही. गुन्हा घडू लागला तर तो रोखल्याचे कर्म मिळते. पण गुन्हा घडूच नये म्हणून वर्षभर खपलेल्याला त्या हिशेबात ठळक रकाना नाही. न घडलेली गोष्ट मोजायची कशी? मुख्याध्यापकाला हे दुखणे चांगले ठाऊक आहे. निकाल लागला की उत्तीर्णांची टक्केवारी फलकावर लागते. शाळा सोडता सोडता राहिलेल्या पोरांची यादी कुठल्याच फलकावर लागत नाही.

तेव्हा वरवर पाहता असे वाटेल की आधी जाणारे पथक हेच प्रगत आणि धावून जाणारे मागासलेले. १९८० नंतरच्या काही चित्रकथांनी हा प्रयोग करून पाहिला, आणि त्यांचे निष्कर्ष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिली मार्क ग्रूनवाल्ड यांची 'स्क्वाड्रन सुप्रीम', १९८५-८६ मधली बारा अंकांची मालिका. उद्ध्वस्त झालेल्या आपल्या पृथ्वीवर हे पथक एका वर्षात नंदनवन उभारण्याची प्रतिज्ञा करते. युद्ध, गुन्हे, भूक, रोग, सगळ्यांचे उच्चाटन. लोकांची शस्त्रे काढून घेतली जातात. गुन्हेगारांचा स्वभाव पालटणारे एक यंत्र तयार होते. हेतू उदात्त, साधन बिनरक्ताचे. आणि मग पथकातलाच गोल्डन आर्चर आपल्याला नाकारणाऱ्या सहकारी स्त्रीवर ते यंत्र वापरतो, तिने आपल्यावर प्रेम करावे म्हणून. दरोडेखोराच्या सुधारणेसाठी बनलेले साधन घरातल्या माणसाच्या मनावर चालले. लेखकाने इथे कुठलाही उपदेश केलेला नाही. यंत्र आहे म्हटल्यावर ते कोणाच्या तरी हाती पडणारच, एवढेच दाखवले. पथकाचा जुना सहकारी नाइटहॉक पहिल्यापासून विरोधात उभा राहतो, बाहेर पडतो आणि अखेरच्या झुंजीत मरतो. त्याच्या मरणानंतरच पथकप्रमुख हायपेरियनला आपली चूक उमगते. ग्रूनवाल्ड १९९६ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा छपाईच्या शाईत मिसळून या मालिकेची ग्रंथरूप आवृत्ती १९९७ साली काढण्यात आली. लेखक आपल्या कृतीत शब्दशः उतरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

दुसरी कृती अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन', १९८६-८७ मधली. हिच्यात खऱ्या अर्थाने आधी जाणारा एकच, एड्रियन व्हाइट. अणुयुद्ध टळावे म्हणून तो न्यूयॉर्कमधल्या लाखो माणसांचा बळी घेतो. बाकीचे वीर त्याला अडवायला पोचतात तेव्हा काम होऊन अर्धा तास उलटलेला असतो. धावून जाणाऱ्यांची दैना आणि आधी जाणाऱ्याचे भीषण रूप, दोन्ही एकाच प्रसंगात.

तिसरी 'द ऑथॉरिटी'. वॉरन एलिस आणि ब्रायन हिच यांनी ती १९९९ साली सुरू केली. जग सुधारण्यासाठी पुढाकार घेणारे, कोणाच्या परवानगीची वाट न पाहणारे पथक म्हणून तिचा फार गवगवा झाला. पण पहिले बारा अंक नीट वाचले तर काय दिसते? मॉस्को, लंडन आणि लॉस एंजेलिसवर हल्ले होतात, मग समांतर जगातून स्वारी येते, मग अंतराळातून एक महाकाय संकट. प्रत्येक वेळी पथक धावून जाते! भाषा पुढाकाराची, कृती प्रतिकाराची. शत्रूला ठेचण्याचा बेगुमानपणा म्हणजेच पुढाकार, असा तिथे घोटाळा झालेला आहे. पुढे मार्क मिलर यांच्या हाती मालिका गेल्यावर २००० साली पथक आग्नेय आशियातल्या एका हुकूमशहाला खरोखरच पदच्युत करते; पण एक राजवट गेल्यावर तिथल्या माणसांचे पुढे काय होते, याचा विचार करण्याइतकी उसंत कथेला नाही.

भूमिकाखेळांतही असा प्रयत्न झाला. १९९९ सालच्या 'अ‍ॅबरंट' या खेळात अतिमानवांना कामाला लावून जग सुधारणारी 'प्रोजेक्ट युटोपिया' नावाची संस्था आहे. तिचे काम खरे आहे, फायदेही खरे आहेत. पण तिचाच एक गुप्त विभाग अतिमानवांना त्यांच्या नकळत वंध्य करत असतो. नंदनवनाला तळघर असतेच, हे या खेळाने गृहीतच धरले आहे.

या सगळ्यांवरून 'आधी जाणे वाईट' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. माझ्या मते इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबल्या गेल्या आहेत. एक पूर्वतयारी, दुसरी पूर्वशोध आणि तिसरी पूर्वप्रहार. पूर्वतयारी म्हणजे आपल्या बाजूने सज्ज असणे: इमारती पक्क्या करणे, लोकांना इशारा देण्याची सोय, आपसांत सराव. ती कोणाच्याच विरुद्ध नसते. पूर्वशोध म्हणजे नजर ठेवणे, माग काढणे. आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. कवटीच्या गुहेत राहणारा, पण ज्याचे जंगल पेट्रोल सतत फिरते असा. त्याला गस्तीची किंमत ठाऊक होती. पूर्वशोधात दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणे आले, म्हणून तिथे तारतम्य हवे. पूर्वप्रहार ही मात्र वेगळीच गोष्ट. ज्याने अजून काही केलेले नाही त्याच्यावर हात टाकणे. मन वाचणाऱ्याने कारखानदाराचे मन वाचले तो पूर्वशोध, तोही संशयास्पद. ते मन पुसायला निघाले तो पूर्वप्रहार. पथकाला पहिल्या दोन गोष्टींचा कंटाळा असतो, कारण त्यांत झुंज नाही. म्हणून 'पुढाकार घेऊ' म्हटले की पोरे थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात.

पूर्वप्रहार कधीच क्षम्य नाही का? इथे मला सभापर्वातला जरासंध आठवतो. राजसूयाआधी कृष्ण, भीम आणि अर्जुन मगधात जातात. हे आधी जाणारेच पथक, आणि शक्तीने अतिमानवीच. जरासंध त्यांना विचारतो तो प्रश्न जवळजवळ आमच्या पडवीतलाच: मी तुमचे काय वाकडे केले आहे? मला तर काही आठवत नाही. कृष्णाला याचे उत्तर द्यावे लागते, आणि तो देतो. तू राजांना बळी देण्यासाठी कोंडून ठेवले आहेस. पुढे जरासंधाला तिघांपैकी कोणाशी लढायचे ते निवडू दिले जाते. तो मारला गेल्यावर बंदिवान राजे सुटतात आणि मगधाची गादी त्याच्याच मुलाला, सहदेवाला मिळते. ब्राह्मणवेषात, आडवाटेने शिरण्याचा डाग आहेच. महाभारतकारांनी तो लपवलेला नाही. तरी या कथेत तीन कसोट्या दिसतात. आरोप तोंडावर सांगितला का? त्याचे म्हणणे ऐकले का? आणि जिंकल्यावर सत्ता आपल्याकडे ठेवली की परत केली? स्क्वाड्रन सुप्रीम तिसऱ्या कसोटीला पार नापास. व्हाइट तर पहिल्या दोन्हींनाही; ज्यांना मारले त्यांच्यावर आरोपच नव्हता. खांडववन जाळणारे कृष्णार्जुनही या कसोट्यांना उतरत नाहीत. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्या दहनाला विचारलेला जाब आजही अनुत्तरित आहे.

'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज' या खेळाची एक खासियत अशी की त्यात खेळाडू स्वतःलाच पात्र म्हणून घेतो. म्हणजे आपणच, आपल्या नावागावासकट, फक्त अंगी शक्ती आलेली. तो नियम वाचल्यावर मला आपले एक कृत्य आठवले. मुख्याध्यापक होऊन फार दिवस झाले नव्हते. वार्षिक परीक्षेत कॉपी होणार अशी कुणकुण होती. मी परीक्षेआधीच एका वर्गाला रांगेत उभे करून सर्वांचे खिसे उलटे करायला लावले. कॉपी एकाकडेही सापडली नाही. एका मुलाच्या खिशात घडी घातलेला कागद निघाला, तो मी सर्वांदेखत उघडला. ती वाण्याच्या उधारीची यादी होती, आईने दिलेली. त्या वर्षी कॉपी झाली नाही, आणि मी तो माझा विजय मानला. त्या मुलाने मात्र शाळा सोडेपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. शाळेत मुख्याध्यापक हा अतिमानवच असतो. माझ्या त्या पथकात नाइटहॉक नव्हता. एकाही शिक्षकाने 'सर, पोरांनी अजून केलंय काय?' असे विचारले नाही. विचारता येईल असे वातावरण मी ठेवले नव्हते, हे अधिक खरे.

आणि इथेच भूमिकाखेळ चित्रकथेच्या पुढे जातो, असे माझे मत झाले आहे. चित्रकथेत विरोध करणारा लेखकाच्या मर्जीने जन्मतो आणि मर्जीनेच मरतो. खेळात तो हाडामांसाचा, शेजारी मांडी घालून बसलेला असतो. तिघांनी ठरवले तरी चौथीला पटवावे लागते. खेळ त्यासाठी थांबतो आणि सूत्रधाराचा आराखडा कोलमडतो. नियमपुस्तकांना हे थांबणे खटकते. त्यांत झुंजीच्या एकेका क्षणाचे नियम पानोपानी आहेत. पथकाने निर्णय कसा घ्यावा, नकार कसा नोंदवावा, याला मी पाहिलेल्या पुस्तकात तितकी जागा नव्हती. २००५ साली 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीने वीरावर अडचण आली की त्याला गुण देण्याची पद्धत घेतली. अडचण पत्करण्याला मोल दिले, हे चांगलेच. पण तीही अडचण सूत्रधाराने आणलेली. पथकाने स्वतःहून हात आखडता घेतला, त्याचे मोल कोण देणार?

आता पडवीतल्या गोष्टीचा शेवट सांगतो. दुसऱ्या संध्याकाळी त्या मुलीचे म्हणणे मान्य झाले. बंगल्यात रात्री शिरायचे नाही असे ठरले. चौघे दिवसा, पुढच्या दाराने त्या कारखानदाराकडे गेले आणि आपल्याला काय माहीत आहे ते त्याला तोंडावर सांगितले. त्याच वेळी धरणाखालच्या गावातून माणसे आणि गुरे हलवायला सुरुवात केली. उडणाऱ्याने आणि हत्तीच्या बळाच्याने ते काम अंगावर घेतले. कारखानदाराने सर्व ऐकून घेतले, नाकबूल केले, चहा दिला. आणि त्याच रात्री, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, धरण फोडले. माणूस एकही दगावला नाही. गाव वाहून गेले.

खेळ संपल्यावर पोरांचा वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला. मन वाचणारा चिडून म्हणत होता, पहिल्याच दिवशी ते डोके पुसले असते तर एवढी घरे उभी असती. त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. ती मुलगी काहीच बोलली नाही. तिने पेन्सिलीने आपल्या कागदावर काहीतरी टिपले. नंतर मी विचारले तेव्हा तिने कागद दाखवला. वाहून गेलेल्या गावाचे नाव तिने लिहून ठेवले होते, आणि खाली 'पुढच्या वेळी घरे बांधायची'.

सूत्रधाराला मी जाताना विचारले, "तुझी तयारी फुकट गेली म्हणतोस?"

"गेली खरी सर," तो म्हणाला. "पण पुढची तयारी आता तिचीच मला करावी लागणार."